परसातला तलाव : आधी भिंत की आधी जमीन?

उत्साही : घरामागे तलाव बांधायचा हे आमचं नक्की झालं आहे, आणि तो व्हायनिल लायनरचा, म्हणजे आतून प्लास्टिकचं अस्तर लावलेलाच असणार हेही. फवारलेल्या काँक्रीटचा तलाव आमच्या आवाक्याबाहेरचा आहे. शिवाय त्याचा गिलावा मुलांच्या तळपायांना खरचटतो आणि काही वर्षांनी पुन्हा करावा लागतो. फायबरग्लासचा तलाव कारखान्यातून अखंड साच्याच्या रूपात ट्रकवर येतो, त्यामुळे रस्त्यावरून नेता येईल त्याहून रुंद तो होऊ शकत नाही. लायनरच्या तलावाला हवा तो आकार देता येतो. आतला पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि शेवाळाला रुजायला बारीक छिद्रं मिळत नाहीत. न्यू जर्सीत मेच्या शेवटच्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंत पोहण्याचा हंगाम. एवढ्या दिवसांसाठी एवढा खर्च कशाला, असं तुम्ही विचाराल. पण मुलं मोठी होण्याची वर्षंही मोजकीच असतात. तेव्हा आता प्रश्न उरला आहे तो भिंतीचा. जस्त चढवलेलं स्टील, पॉलिमर किंवा ओतीव काँक्रीट, असे तीन प्रकार समोर आहेत. आकार सोळा बाय बत्तीस फूट. माझा कल स्टीलकडे आहे.

साशंक : तुम्ही ज्या भिंतीबद्दल विचारता आहात, ती किती उंच असते हे पाहिलं आहे का? साधारण ४२ इंच, कुठे कुठे ४८. तुमच्या खोल टोकाला पाणी ८ फूट असेल, तर खालच्या साडेचार फुटांत भिंत नावाची गोष्टच नाही. तिथे मातीचा उतार असतो, त्यावर दोनेक इंचांचा लिंपलेला थर आणि त्यावर लायनर. लायनरची जाडी २० ते ३० मिल सांगतात. मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, म्हणजे हे कातडं अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाडीचं आहे. सरासरी खोली ५ फूट धरली तर तुमच्या तलावात सुमारे ७२,००० लिटर पाणी मावेल. ते झालं ७२ टन. पखालीचं कातडं पाणी धरतं, ओझं मात्र रेड्याच्या पाठीवर असतं. इथे ती पाठ म्हणजे तुमची जमीन.

म्हणून विक्रेता तीन भिंतींचे नमुने टेबलावर मांडतो तेव्हा मला वाटतं की प्रश्नाची सुरुवातच चुकीच्या टोकाकडून झाली. मध्य न्यू जर्सीत पर्थ अँबॉयकडून ट्रेंटनकडे एक तिरकी रेघ ओढा. तिच्या वायव्येला लाल शेल आणि तिच्यापासून झालेली चिकट माती साधारणपणे सापडते, आग्नेयेला किनारी मैदानाची वाळू. चिकणमातीत पाणी साचून राहतं, हिवाळ्यात ती गोठून फुगते. वाळूतून पाणी झटकन निघून जातं, पण खोल टोकाचा उतार खणताना ती ढासळते. नदीकाठच्या सखल भागात तर भूजल तळाच्याही वर येतं. १ सप्टेंबर २०२१ला आयडा वादळाच्या उरलेल्या पावसाने याच भागाला बुडवलं, ते तुम्हाला आठवत असेल. जमीन तशी तुडुंब भरली आणि बाहेरचं पाणी तलावातल्या पाण्यापेक्षा वर चढलं, की लायनर तळापासून सुटून वर तरंगू लागतं. पाणी ओसरल्यावर ते खाली बसतं ते सुरकुत्या घेऊनच. भिंत स्टीलची आहे की काँक्रीटची, याने त्यात काडीचाही फरक पडत नाही.

उत्साही : तुमचं म्हणणं मान्य आहे, पण त्यातून मी उलटा निष्कर्ष काढते. काँक्रीटच्या अखंड तलावाला सगळा भार स्वतः पेलावा लागतो, म्हणून जमीन हलली की त्याला तडा जातो. लायनरचा तलाव तो भार जमिनीवर सोपवतो आणि तिच्याबरोबर थोडा हलतो. आपल्याकडे गोठण जमिनीत सुमारे ३ फुटांपर्यंत उतरते, म्हणजे जवळजवळ भिंतीच्या उंचीएवढी. अशा ठिकाणी लवचीकपणा कामाचा.

आणि स्टीलची भिंत म्हणजे नुसता पत्रा उभा केला, असं नसतं. साधारण २ मिलिमीटर जाडीचे, जस्त चढवलेले पॅनेल एकमेकांना बोल्टने जोडतात. मागे ठरावीक अंतरावर त्रिकोणी टेकू देतात आणि भिंतीच्या पायाशी सभोवार काँक्रीटचा पट्टा ओततात. मग आत पाणी आणि मागे भराव, दोन्ही बरोबरीने चढवत नेतात, म्हणजे भिंतीवर कुठल्याच बाजूने एकतर्फी दाब येत नाही. हा तोल एकदा साधला की पत्र्याला फारसं सोसावं लागत नाही. या पद्धतीचे तलाव दशकानुदशकं उभे आहेत. दुरुस्त करणारे मिस्त्री गावोगाव मिळतात, सुटे भाग मिळतात. परदेशात घर सांभाळताना या गोष्टीचं मोल मी चांगलं ओळखते. एखादी वस्तू दुरुस्त करणारा माणूस शेजारच्या गावात असणं, हा तिच्या टिकाऊपणाचाच भाग आहे.

साशंक : तोल साधला तर! भराव कशाचा घालणार? खणलेली चिकणमातीच परत ढकलली, तर ती दरवर्षी बसत जाईल. तिच्याबरोबर वरची फरसबंदी खचेल, आणि गोठल्यावर ती भिंतीला आत रेटेल. धुतलेली खडी घातली तर पाणी खाली निघून जातं. ते पाणी जायला तळाशी वाट हवी, म्हणजे छिद्रांचा पाइप आणि उपसायला खड्डा. हा खर्च दरपत्रकात शोधा. बहुतेक वेळा भिंतीचा प्रकार ठळक अक्षरात छापलेला असतो आणि भराव एका ओळीत उरकलेला असतो.

गंजाचंही तसंच आहे. पत्र्याचं सपाट अंग सहसा गंजत नाही. पाणी आत-बाहेर करणारी तोंडं, स्किमर, दिव्याची खोबण, पायऱ्यांची कड, अशी जिथे जिथे भोकं पाडलेली असतात तिथे गॅस्केट जुनं झालं की थेंब थेंब पाणी मागे झिरपतं. त्यात तुम्ही मिठाच्या यंत्रणेचा, म्हणजे मिठापासून क्लोरीन बनवणाऱ्या यंत्राचा विचार करता आहात. ते पाणी समुद्राएवढं खारट नसतं, पण दर लिटरला ३ ग्रॅमच्या आसपास मीठ असतं. हे पाणी वर्षानुवर्षं जस्ताच्या मागे मुरत राहिलं तर काय होईल? आणि हे सगळं लायनरच्या आड घडतं. दहा वर्षांनी जुनं लायनर काढता तेव्हा पॅनेलच्या खालच्या कडेची चाळण झालेली दिसते. नवं लायनर अंगणात येऊन पडलेलं, हंगाम तोंडावर आलेला, आणि तेव्हा कळतं की भिंतच बदलायला हवी.

उत्साही : मग पॉलिमर घ्या, असं म्हणाल. मी तोही तपासला. गंज नाही, मिठाची भीती नाही. वळणदार आकार सुबक होतो, कारण पॅनेल साच्यातून निघतात. पण पॉलिमर स्टीलपेक्षा जास्त वाकतो. म्हणून टेकूंची रचना आणि पायाचा पट्टा यांत जराही कसूर चालत नाही. भराव घाईने एका बाजूने टाकला तर भिंतीला पोट येतं, आणि एकदा आलेलं पोट परत जात नाही. धातू नाही म्हणजे विजेची काळजी संपली, असाही एक गैरसमज आहे. अमेरिकेच्या विद्युत संहितेनुसार शिडी, दिवा, पंप, सभोवारच्या फरसबंदीतली जाळी आणि खुद्द पाणीसुद्धा जाड तांब्याच्या तारेने एकमेकांशी जोडावं लागतं, मग भिंत कशाचीही असो. ओल्या अंगाने कशालाही हात लावला तरी दोन ठिकाणच्या विजेच्या दाबात फरक असू नये, हा त्यामागचा हेतू.

काँक्रीटच्या भिंतीला मी नाव ठेवत नाही. आठ-दहा इंच जाड, आत सळया, ती कुठे जात नाही. तिच्यावर फोमचा पातळ थर चिकटवून लायनर चढवतात. पण तिला फर्मे उभारावे लागतात, काँक्रीटचा ट्रक परसापर्यंत पोहोचावा लागतो, आणि आमच्या बाजूच्या बोळात तो शिरत नाही. खर्चही वाढतो. एवढं करून पाणी धरणार ते लायनरच. मग काँक्रीटला दिलेले जास्तीचे पैसे नेमके कशासाठी?

साशंक : मागून येणाऱ्या मातीसाठी. लायनर पाणी धरतं, भिंत माती धरते. भूजल उंच असेल, घर उताराच्या पायथ्याशी असेल, शेजारच्या अंगणाचं पावसाचं पाणी तुमच्याकडे वाहत येत असेल, तर मी काँक्रीटला मत देईन. कोरड्या, वाळूमिश्रित, सपाट जागेवर तुमचं स्टीलही चालेल. मिठाची यंत्रणा हवीच असेल, तर पॉलिमर. पण प्रत्येक वेळी उत्तर जमिनीकडून आलं, हे लक्षात घ्या.

तळाबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. स्वस्त पर्याय म्हणून नुसत्या वाळूचा तळ सुचवतात. वाळूवर टाचांचे ठसे उमटतात, आणि लायनरला बारीक भोक पडलं की खालची वाळू वाहून खड्डा होतो. सिमेंटमध्ये वर्मिक्युलाइट हे फुगवलेलं, अभ्रकासारखं खनिज मिसळून केलेला तळ थोडा मऊ, पण आकार धरून राहणारा असतो, आणि खालचं पाणी त्यातून वाट काढू शकतं. यात पैसे वाचवू नका. जुन्या तलावासकट घर घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. अमेरिकेत विकलं गेलेलं बरंचसं वर्मिक्युलाइट मोंटाना राज्यातल्या लिबी गावच्या खाणीतून येत असे. त्या साठ्यात अ‍ॅस्बेस्टॉस मिसळलेलं होतं, आणि ती खाण १९९० मध्ये बंद झाली. त्याआधीचा तळ असेल तर फोडण्यापूर्वी त्याची तपासणी करून घ्यावी.

उत्साही : तळाचं मी ऐकते. आता खोलीचं सांगा. मला एका टोकाला आठ फूट खोली हवी आहे. आमच्या आधीच्या पिढीतले कितीतरी जण पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत उतरले आणि काठावरून सूर मारायला शिकले. खोल पाण्याची ओळख झालेलं मूल पुढे नदीत, समुद्रात, कुठेही गोंधळत नाही. सगळा तलाव कमरेएवढ्या पाण्याचा केला तर मुलं त्यात चालतील, पोहणार नाहीत. आकारही मला सरळ चौकोनी नको आहे. राजम्याच्या दाण्यासारखा वळणदार तलाव झाडांमध्ये शोभून दिसतो.

साशंक : इथे मला थांबावंसं वाटतं, कारण आतापर्यंत आपण पैशांबद्दल बोलत होतो. अमेरिकेत १ ते ४ वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बुडणं हे आहे. रस्त्यावरचा अपघात नाही, आजार नाही, बुडणं. आणि त्या वयातली बहुतेक मुलं पोहण्याच्या तलावांतच बुडतात, बऱ्याचदा कुणी पोहत नसताना. दार उघडं राहतं, मोठी माणसं बोलण्यात असतात, आणि पाण्यात पडलेलं मूल ओरडत नाही. आपल्या घरी गणपतीला, दिवाळीला तीस-चाळीस माणसं जमतात. त्यांत पुण्याहून आलेले आजी-आजोबा असतात, ज्यांना पोहता येत नाही. मुलावर सगळ्यांचंच लक्ष आहे असं प्रत्येकाला वाटतं, तेव्हा कुणाचंच नसतं.

म्हणून आकाराचा निर्णय शोभेवर करू नका. आयताकृती तलावाच्या दोन्ही कडांना समांतर रूळ बसवता येतात आणि बटण दाबून सरकणारं सुरक्षा-आच्छादन त्यांवर धावतं. वळणदार तलावावर ते बसवणं अवघड आणि महाग होतं. ते आच्छादन माणसाचं वजन पेलतं, रात्रीचं बाष्पीभवन थांबवतं आणि त्यामुळे पाणी तापवण्याचा खर्चही वाचतो. तरीही ते कुंपणाची जागा घेऊ शकत नाही. बहुतेक ठिकाणी किमान ४ फूट उंच कुंपण आणि आपोआप मिटून खिट्टी बसणारं फाटक सक्तीचं आहे. नियमात घराची भिंत चौथी बाजू म्हणून चालत असेल, तरी तुम्ही चारही बाजू घाला. घराच्या मागच्या दारातून मूल थेट पाण्याकडे जाता कामा नये. तळाशी पाणी ओढून घेणाऱ्या भोकाचाही विचार करा. ग्रॅम बेकर ही ७ वर्षांची मुलगी २००२ मध्ये गरम पाण्याच्या टबाच्या तळाशी खेचली जाऊन गेली, आणि तिच्या नावाचा कायदा २००७ मध्ये झाला. त्यानंतर तळाच्या झाकणांचे नियम बदलले. लायनरच्या तलावात ते भोक टाळता आलं तर गळतीची एक जागाही कमी होते.

उत्साही : आयत मान्य. चार बाजूंचं कुंपणही मान्य, आणि ते करताना माझ्या झाडांची जागा बदलेल हेही. खोलीबद्दल मात्र मी तुमच्याशी पूर्ण सहमत नाही. सूर मारण्याची फळी नको, हे कबूल. सोळा बाय बत्तीसच्या तलावात खोल टोकाचा सपाट तळ अगदी थोडा असतो, बाकी चारही बाजूंनी उतार. डोकं खाली घालून मारलेला सूर त्या उतारावर आदळू शकतो. पण पाय न टेकणारं पाणी मुलांना घरी, आपल्या डोळ्यांसमोर मिळावं, ही माझी गरज आहे. उथळ पाण्याला मी सुरक्षितता समजत नाही. छोट्या मुलाला बुडायला फूटभर पाणीही पुरतं, आणि मोठ्याला पोहायला शिकायचं तर खोली लागते. साडेसहा-सात फुटांवर मी थांबेन.

साशंक : तिथे आपलं एकमत होणार नाही, आणि तुमचं कारण मला हलकं वाटत नाही. माझी शेवटची हरकत लायनरवरच आहे. ते ज्या पीव्हीसीचं बनतं ते मुळात कडक प्लास्टिक. १९२६ मध्ये वॉल्डो सेमन यांनी त्याला मऊ करणारी रसायनं मिसळण्याची रीत शोधली, आणि त्यातूनच पुढे हे लायनर शक्य झालं. तीच मऊ करणारी रसायनं ऊन, क्लोरीन आणि वर्षं यांनी हळूहळू निघून जातात आणि लायनर ठिसूळ होतं. पाणी आम्ल झालं, म्हणजे पीएच ७.२ च्या खूप खाली गेला, तर सुरकुत्या पडतात. क्लोरीनचे न विरघळलेले दाणे तळाशी बसले तर पांढरे डाग पडतात. नीट काळजी घेतली तरी आठ-बारा वर्षांनी ते काढायचं, ७२,००० लिटर पाणी सोडायचं, शेकडो चौरस फूट प्लास्टिक कचऱ्यात टाकायचं आणि काही हजार डॉलर पुन्हा मोजायचे. आपल्या गावच्या सामायिक तलावाची किंवा जवळच्या स्विम क्लबची वर्गणी भरून मुलं तिथे पोहली असती. तिथे जीवरक्षकही असतो.

उत्साही : क्लब असावा, आणि मुलं तिथे शिकायला जाणारच. पण संध्याकाळी कामावरून आल्यावर अर्धा तास पाण्यात उतरणं, आईने आयुष्यात पहिल्यांदा कमरेएवढ्या पाण्यात उभं राहणं, हे क्लबात होत नाही. आमच्या आईच्या वयाच्या कितीतरी बायका परक्यांसमोर पाण्यात उतरणारच नाहीत. घरच्या तलावात उतरतील.

आणि लायनर बदलावं लागतं, हा दोष तुम्ही मोजलात. मला त्यात एक सोय दिसते. काँक्रीटच्या अखंड तलावात आतलं दुखणं बाहेर यायला तडा जावा लागतो. इथे दहा-बारा वर्षांतून एकदा सगळी भिंत, सगळा तळ, प्रत्येक गॅस्केट उघडं पडतं आणि तपासता येतं. मधल्या काळात भोक पडलं तर पाण्याखालीच ठिगळ लावता येतं. मी २० मिलऐवजी जाड लायनर घेईन, पण जाडीपेक्षा पाण्याचं रसायन सांभाळण्यावर जास्त भर देईन. हिवाळ्यात तलाव रिकामा करणार नाही. पाणी तोंडांच्या खाली उतरवून, नळ्या फुंकून, वर आच्छादन घालून ठेवीन, कारण आतलं पाणी हाच बाहेरच्या मातीला धरणारा तोल आहे, हे तुम्हीच दाखवून दिलंत. प्लास्टिकच्या कचऱ्याचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही. ते मी पुसून टाकत नाही.

साशंक : मीही ते तुमच्यावर लादत नाही. आपल्यातला फरक आता भिंतीचा उरला नाही. दर दहा वर्षांनी बदलावी लागणारी गोष्ट घरात आणायची की नाही, हा आहे, आणि तो दोन कुटुंबांत दोन प्रकारे सुटेल.

तुम्ही बांधणारच असाल तर एवढं करा. कुठल्याही दरपत्रकावर सही करण्याआधी अमेरिकी कृषी खात्याच्या मृदा नकाशात तुमच्या प्लॉटची माती पाहा, तो घरबसल्या फुकट पाहता येतो. मग ८११ या क्रमांकावर फोन करून जमिनीखालच्या वाहिन्यांच्या खुणा करून घ्या, तोही फोन फुकट आहे. त्यानंतर मार्च-एप्रिलमध्ये, भूजल सगळ्यात वर असताना, खोल टोकाच्या जागी आठ फूट खड्डा यंत्राने घ्या. त्यात कुणी उतरू नका, त्याला कुंपण घाला, आणि दोन-तीन दिवसांत पाणी किती फुटांवर येऊन थांबतं ते मोजून ठेवा. तो आकडा घेऊन ठेकेदाराकडे जा आणि आधी भरावाबद्दल, पाण्याच्या निचऱ्याबद्दल विचारा. स्टील, पॉलिमर की काँक्रीट, हे त्यानंतर ठरवा.